सात नंबरचं दार

"वाच," कंपाउंडर म्हणाला. "मोठ्यानं वाच. सगळ्यांला ऐकू येऊ दे."

दवाखान्याची लांब ओसरी. एका ओळीत आठ दारं. प्रत्येक चौकटीवर पांढरा गोल आणि त्यात काळ्या रंगानं काढलेला नंबर. कंपाउंडरच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. त्या जुडग्यानं त्यानं पहिलं दार दाखवलं.

"एक," मी म्हणालो.

"शाबास. हे?"

गोलात दोन उभ्या रेघा होत्या. "अकरा."

भिंतीला टेकून बसलेल्या पेशंटांत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हे?"

तीन रेघा. "एकशे अकरा."

आता बरेच जण हसले. मला वाटलं, आवाज बारीक निघाला म्हणून हसतात. मी आवाज चढवला.

"हे?"

एक उभी रेघ, शेजारी दोन तिरक्या. "सतरा."

"आणि हे? ज्याच्या दारात सकाळधरनं ठाण मांडलंस?"

दोन तिरक्या रेघा. खाली जुळलेल्या, वर तोंड उघडं. "सात," मी म्हणालो. "सातच हाय की साहेब. तुमीच म्हणला न्हवं, सात नंबरात जा म्हणून."

मग जे हसू उठलं ते अजून कानात आहे. समोरच्या बाकावर पांढऱ्या टोपीचे एक गुरुजी बसले होते. त्यांनी हसून हसून चष्मा काढला आणि धोतराच्या टोकानं डोळे पुसले. माझ्या शेजारी माझी बायको हौसा उभी होती. उजव्या डोळ्यावर पदराचा बोळा दाबलेला. बोळ्यातनं पाणी गळून कोपरापर्यंत ओघळ आला होता. ती दाराकडं बघत होती. माझ्याकडं नाही.

"पाच हाय ते," कंपाउंडर म्हणाला. "सात तिकडं, कोपऱ्यात. डोळ्याचे डॉक्टर बारापर्यंत बसले होते तिथं. गेले सोलापूरला. आता म्हैन्यानं ये." मग जाता जाता वळला. "कुठं शिकलास रे असं वाचायला? निजामाच्या शाळेत?"

"व्हय," मी म्हणालो.

खरं तेच सांगितलं. त्यालाच लोक सगळ्यात जास्त हसले.

मी दगडाचा माणूस. मुरुमच्या बाजूला आमची खाण. आज्यानं तिथं काळा दगड फोडला, बापानं फोडला, मी फोडला. जाती, पाटे, उखळं करायची. सरकारी काम निघालं तर सडकेचे मैलाचे दगड. निजामाच्या राज्यात त्या दगडांवर उर्दू आकडे असायचे. बापाला वाचता येत नव्हतं. कारकून गेरूनं आकडा काढून द्यायचा, बाप त्या रेघांवरून टाकी, म्हणजे दगडाची छिन्नी, चालवायचा. एकदा दगड हलवताना गेरू पुसला गेला. बापानं आठवून आठवून कोरलं. उर्दूत सात म्हणजे वर तोंड उघडलेला कोन, आणि तोच उलटा केला की आठ. बापानं साताचा आठ केला. दारोग्यानं त्याला सडकेवर, सगळ्या माणसांदेखत, खेटरानं मारलं.

दुसऱ्या दिवशी बापानं मला उर्दू शाळेत नेऊन बसवलं. दोन जमाती, म्हणजे दोन इयत्ता शिकलो. मागं बसायचो, पण शिकलो. पुढं बापाचे आकडे मीच गेरूनं काढून द्यायला लागलो. आमच्या सगळ्या खाणीत आकडा वाचणारा मी एकटा. लग्नाची बोलणी झाली तेव्हा हौसाच्या घरच्यांना दुसरं काही सांगायला नव्हतं, हेच सांगितलं. पोरगा शिकलेला हाय.

मग पोलीस ॲक्शन झाली. निजाम गेला. कचेऱ्यांवरच्या पाट्या उतरल्या. मराठी आकडे मी बाजारातल्या पाट्या बघून बघून शिकलो, कुणी शिकवले नाहीत. आपलं राज्य आलं म्हणायचे. आणि आपल्या राज्यात तालुक्याच्या गावी जो नवा दवाखाना बांधला त्याच्या दारांवर ना मराठी ना उर्दू. रोमन आकडे. रोमन हा शब्दही मला तेव्हा माहीत नव्हता. हे असे आकडे जगात आहेत हेच माहीत नव्हतं. गावाचं नाव सांगत नाही. त्या दिवशीची बरीच माणसं आता मेली.

आता कुणी विचारेल, अडाण्या, दारं ओळीनं होती तर मोजायची अक्कल नव्हती का. नव्हती. उर्दूत एक म्हणजे उभी रेघ, अकरा म्हणजे शेजारी शेजारी दोन. मला त्या दारांवर स्वच्छ उर्दू दिसलं. एक, अकरा, एकशे अकरा, सतरा, सात. नंबर ओळीनं नाहीत ह्याचं मला नवल वाटलं नाही. शेताचे सर्व्हे नंबर कुठं ओळीनं असतात? सरकार जो देईल तो नंबर. मला वाटलं, दारांनाही तसाच दिला असंल. उलट बरं वाटलं. राज्य बदललं तरी कुणीतरी आपलं जुनं शिक्षण ठेवलंय, असं वाटलं.

हौसा माझ्याबरोबर टाकी चालवायची. जात्याला टाकी लावण्यात तिचा हात माझ्यापेक्षा हलका. आदल्या दिवशी तिसऱ्या प्रहरी जात्याची तळी ठोकताना कपची उडाली आणि तिच्या डोळ्यात गेली. रात्रभर ती बसून होती. पहाटे बैलगाडीनं निघालो. दवाखान्यात पोचलो तर कळलं, सोलापूरचा डोळ्याचा डॉक्टर महिन्यातून एकदा येतो आणि तो दिवस आजचाच. नशीब उघडलं म्हणालो मी. कंपाउंडरनं मान वर न करता सांगितलं, सात नंबर. मी दारं बघत गेलो. सात सापडलं. कुलूप होतं. डॉक्टर यायचाय अजून, मी हौसाला सांगितलं, आणि आम्ही दोघं त्या दारात भुईवर बसलो. बाक होता, पण बाकावर बसायचं आमच्या मनात आलं नाही, आणि गुरुजीही सरकले नाहीत.

शिपाई बादली घेऊन तीनदा गेला. कोपऱ्यातल्या दारातनं माणसं डोळ्याला पट्टी बांधून बाहेर येत होती. हौसाला ते एका डोळ्यानंही दिसलं.

"आवं," ती म्हणाली, "तिकडनं पट्ट्या बांधून येऊ लागलीत माणसं. इचारा की कुणाला तरी."

"नंबर म्या वाचलाय," मी म्हणालो. "तू गप बस."

तिनं पदराचा बोळा पुन्हा डोळ्यावर दाबला.

माझं हे वाक्य मी आयुष्यभर वागवलं. कंपाउंडरचं हसू त्याच्यानंतर येतं. बाराच्या सुमाराला आवारातनं जीप गेली. ती कुणाची, हे आम्हाला माहीत नव्हतं. मग कंपाउंडर कुलूप उघडायला आला. पाच नंबर म्हणजे चादरी आणि बाटल्या ठेवायची खोली होती.

हसणं संपल्यावर मी त्याचे पाय धरले. कापूस तरी लावा म्हणालो. डोळ्याचं आमच्याकडं न्हाय, त्यानं सांगितलं. मग मी गुरुजींपुढं गेलो. ते शिकलेले, त्यांचं कुणी ऐकंल, त्यांनी डॉक्टरला चिठ्ठी द्यावी, असं वाटलं. आणि जाता जाता तोंडातनं निघून गेलं, गुरुजी, तुमी सकाळधरनं समोर बसला व्हता, आमी चुकीच्या दारात बसलोय हे तुमाला दिसलं न्हाय का?

गुरुजी म्हणाले, "मला वाटलं, सावलीला बसलात."

हौसानं माझा दंड धरला आणि मला बाहेर ओढलं. डोळा तिचा गेला होता आणि सांभाळून ती मला नेत होती.

सडकेवर उभं राहून गाड्यांना हात केले. दिवस मावळताना एका ट्रकवाल्यानं मागं पोत्यांवर बसवून घेतलं. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बघितलं. डॉक्टर माणूस भला होता. बराच वेळ बघितलं त्यानं. मग म्हणाला, डोळ्यात पू झालाय, हा काढावा लागंल, न्हायतर दुसराही जाईल. आणि रागानंच विचारलं, "काल कुठं होता तुम्ही?"

हौसा म्हणाली, "दारात."

तिथं ती बारा दिवस होती. मी बाहेर झाडाखाली. त्या बारा दिवसांत हौसानं काय केलं तर ती शिकली. वॉर्डात भिंतीवर मोठं घड्याळ होतं, तसल्याच आकड्यांचं. एक कानडी नर्स होती. हौसा तिला अक्का म्हणायची. अक्का घड्याळ बघून औषध द्यायची. हौसानं विचारलं, ह्या काड्या कशा वाचायच्या? अक्कानं सांगितलं. कानडीत सांगितलं अर्धं, अर्धं मराठीत. हौसाला दोन्ही समजायचं.

घरी आल्यावर एक दिवस तिनं मला खाणीत बसवलं. माझ्या टाक्या गोळा केल्या आणि भुईवर मांडल्या. एक टाकी उभी, म्हणजे एक. दोन उभ्या, दोन. तीन, तीन. दोन टाक्यांची टोकं खाली जुळवली.

"हे काय?" तिनं विचारलं.

माझ्या तोंडावर सात आलं होतं.

"पाच," ती म्हणाली. मग दोन टाक्या एकमेकींवर तिरप्या टाकल्या. "आन् हे धा. तिनापतुर एकाला एक लावत जायाचं. चवथा आला की न्हाय चालत. मंग पाचाच्या म्होरं एक उभा करायचा. पाचातला एक कमी, चार. धाच्या म्होरं एक, तर नऊ."

"आणि मागं उभा केला तर?"

"तर वाढतंय. पाचाच्या मागं एक, सहा. दोन असले तर सात." ती टाक्या मांडत होती, माझ्याकडं बघत नव्हती. "बारका मागं उभा ऱ्हायला की मोठ्याचं वाढतंय. म्होरं येऊन उभा ऱ्हायला की मोठ्याचं घटतंय. आपुन त्या दिशी मागंच बसलो की वो."

ती मग आपणच हसली. म्हणाली, एका डोळ्यानं तुमी निम्मेच दिसता, त्येवढंच बरं हाय.

मी म्हणालो, सोलापूरच्या घड्याळात चाराच्या जागी चार काड्याच होत्या की, मी खिडकीतनं बघितल्यात. हौसा म्हणाली, म्याबी इचारलं अक्काला. घड्याळात तसंच काढत्यात म्हणं, चालतंय.

त्या दिवशी मला राग आला. आधी आलाच नव्हता, आधी नुसती लाज होती. त्यांनी चार काड्या ओढल्या तर घड्याळ चालतं. बाप साताचा आठ करतो तर खेटर. मी पाचाला सात म्हणतो तर अख्खी ओसरी हसते आणि डोळा जातो.

पुढं पन्नास, शंभर, हजार यांची अक्षरंही तिनंच विचारून आणली. तुळजापूरला देवीला गेलो होतो तेव्हा मोटारीच्या कंडक्टरला विचारत बसली होती. पन्नासाची खाली एक पाय आडवा टाकलेली रेघ, शंभराचं तोंड वासलेलं कडं, हजाराची दोन शिखरं. ज्या माणसाला कुणी शाळा दाखवली नाही, त्या माणसाला काय काय आलं असतं हे मी तिच्याकडं बघून शिकलो.

मग महाराष्ट्र झाला. त्याच तालुक्याच्या गावी नवी शाळा बांधायला काढली. दगडाचं काम आमच्या खाणीला मिळालं. दहा वर्गांच्या दारांवर दहा दगड आणि फाटकाच्या कमानीवर सालाचा दगड. मुकादमानं तोंडी नंबर सांगितले होते, म्हणून मी मराठीत सुरुवात केली. पहिला दगड ७ चा केला. का सातापासून, ते सांगायला नको. मग एक दिवस हेडमास्तर नमुन्याचा कागद घेऊन खाणीत आले. पांढरी टोपी, चष्मा. मी ओळखलं. त्यांनी नाही.

त्यांनी माझा दगड बघितला आणि पायानं बाजूला सारला. "हे नको. हा नमुना घे. हुबेहूब आलं पाहिजे. तुला कळायची गरज नाही, नुसतं गिरव."

कागद रोमन आकड्यांचा होता. खाणीत वीस माणसं काम करत होती, सगळ्यांचे हातोडे थांबले. हौसा दगडावर बसली होती. मी कागद हातात घेतला आणि वाचला. मोठ्यानं वाचला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. एक, दोन, तीन, चार, पाच. सहा. सात. दहापर्यंत. मग खालची सालाची ओळ. हजार. पुढं शंभर आणि हजार, म्हणजे हजारातनं शंभर वजा, नऊशे. मग पन्नास, दहा, एक. एकोणीसशे एकसष्ट.

"अरे वा," गुरुजी म्हणाले. "येतंय की तुला. मग तर सोपंच झालं."

"येतंय," मी म्हणालो. "कोरणार न्हाय."

त्यांना वाटलं मी वेडा झालो. का, विचारलं. मी सांगितलं, "ज्याला वाचता येतंय त्याला दार सापडतंयच, गुरुजी. नंबर ज्याला येत न्हाय त्याच्यासाठी असतोय. पयल्यांदा शाळंत येणाऱ्याला ह्यातलं काय कळणार? मराठीत कोरून देतो. ह्यात माजा हात लागणार न्हाय."

"शाळेला शोभा नको का काही?"

मग मी त्यांना दवाखान्याची ओसरी सांगितली. बाक सांगितला. हौसाकडं बोट केलं. ती उठून त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. डोळ्याच्या खाचेवर पदर घेतला नव्हता तिनं.

गुरुजींनी बघितलं. "असेल," म्हणाले. "दवाखान्यात माणसं बसलेलीच असतात."

एवढंच. माफी नाही, राग नाही. कागदाची घडी घालून गेले.

माझ्या नकारानं काय झालं ते पण सांगतो, कारण लोकांना वाटतं नकार दिला की काहीतरी होतं. काही झालं नाही. दुसऱ्या खाणीतल्या माणसानं दगड कोरले. तो माझ्या ओळखीचा होता, त्याला एक अक्षर येत नव्हतं, त्यानं हुबेहूब गिरवले. शाळेला शोभा आली. आमच्या खाणीला सरकारी काम पुन्हा मिळालं नाही. जाती करत राहिलो. मग गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातीही गेली. सातचा दगड मी गाडीत घालून घरी आणला. दारात ठेवला. हौसा त्याच्यावर बसून ज्वारी पाखडायची.

गेल्या साली तिला धाप लागली. त्याच दवाखान्यात नेलं. दारं तीच. रंग नवा दिला होता, आकडे तेच, त्याच जागी. चार नंबरात जा म्हणाले. मी चौकट बघितली. पाचाच्या पुढं एक उभा. बरोबर. तिला धरून आत नेलं. एक घटकाही वाया गेली नाही, कुणाला विचारावं लागलं नाही, कुणी हसलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

दार बरोबर सापडलं तरी गेली. शिकलं की सगळं सुधारतं असं भाषणात सांगतात, त्यांना मी हे सांगतो.

दिवस झाल्यावर तिच्या मरणाचा कागद आणायला गेलो. ओसरीत एक म्हातारी भुईवर बसली होती. हातात चिठ्ठी, चिठ्ठी ओली झालेली घामानं. मला म्हणाली, "बाबा, सा नंबरला बस म्हणलेत. लई येळ झाला, कुणी उगडंना." ती चाराच्या दारात बसली होती. चार आणि सहा, त्याच दोन खुणा, नुसती पुढची मागं. बाकावर तरणी शिकलेली माणसं बसली होती. हातात फोन. कुणी वर बघितलं नव्हतं.

मी तिला सहाव्या दारात नेऊन बसवलं. दुसऱ्या दिवशी गेरूचा खडा घेऊन गेलो आणि प्रत्येक आकड्याखाली मराठी आकडा काढला. कारकून पोरगा बाहेर आला. चांगलं बोलला, वाईट बोलला नाही. आजोबा, भिंती कशाला घाण करता, आता सगळे शिकलेले आहेत, कुणाचं अडत नाही. मी म्हणालो, माझं अडलं होतं. त्यानं शिपायाला ओलं फडकं घेऊन बोलावलं. चार वेळा मी लिहिलं. चार वेळा पुसलं. अर्ज करा म्हणाला. अर्जही केला, लिहून घेतला एकाकडनं. उत्तर नाही.

चौकटी दगडाच्या आहेत. काळ्या दगडाच्या, आमच्याच खाणीतल्या. तो दगड मी डोळे मिटून ओळखतो.

काल टाकीला धार लावली. हात म्हातारा झालाय, पण टाकी दगडावर टेकवली की सरळ चालतो, हे मी जात्याच्या तुकड्यावर करून बघितलंय. सोमवारी जाणार. सोमवारी ओसरी भरलेली असते. चोरून करणार नाही, सगळ्यांदेखत करणार. दारांपुढं उभा राहणार, मागं बसणार नाही. पोलिसाला बोलावतील. बोलवू देत. त्यानं विचारलं तर सांगीन, आपलं नाव सांगीन आणि हौसाचं सांगीन.

आठही दारं करायची आहेत. वय बघता सगळी होतील असं नाही. म्हणून पहिलं कोपऱ्यातलं. तिथं सात कोरून होईपर्यंत मी टाकी खाली ठेवणार नाही.